बारा बचत गटांचा वस्ती संघ: नोंदणी आणि तिच्याआधीचं काम

सप्टेंबरअखेर आमच्या वस्ती स्तर संघाचा, म्हणजे वस्तीतल्या बारा बचत गटांनी मिळून नोंदवलेल्या संस्थेचा, दुसऱ्या पूर्ण वर्षाचा ऑडिट अहवाल दाखल झाला. सोलापुरातल्या आणि बाहेरच्याही बचत गटांच्या ताया मला विचारत असतात, संघ करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, सुरुवात कुठून, खर्च किती. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगून भागत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. माणसांची, बँकेची, कंपन्यांची नावं घालत नाही.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. आई विड्या वळते, आजीही वळायची. मी एका टॉवेल कारखान्यात हिशोब लिहिते आणि आईच्या गटाचं दप्तर गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गल्लीत घरातली बोली तेलुगू, बाहेर मराठी, दोन गल्ल्या पलीकडे कन्नड आणि उर्दू. हे आधीच सांगते, कारण पुढे कागदापेक्षा जास्त वेळ यातच गेला.

सुरुवात नोंदणीनं झाली नाही, हप्त्यांनी झाली. 2020च्या लॉकडाऊनमध्ये विडी कारखाने बंद, यंत्रमाग बंद. घर चालवायला बायकांनी मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी बिनतारण कर्जं देणाऱ्या, कंपन्यांकडून कर्जं घेतली आणि एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलं. डिसेंबर 2021 मध्ये आमच्या गटातल्या एका अक्कांच्या दारात रात्री साडेआठला वसुलीची दोन पोरं येऊन बसली. ‘हप्ता दिल्याशिवाय उठणार नाही.’ घरात अक्का आणि दोन नाती. आई आणि शेजारच्या तिघी विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवून तिथं जाऊन बसल्या. कुणी भांडलं नाही, आवाज चढवला नाही. बायका वाढत गेल्या तशी पोरं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेले. त्या विड्यांची तोंडं मिटत बसल्या होत्या. नख एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि बोलता बोलता हात अजिबात थांबत नाही. मी विचारलं, एकूण हप्ते किती? त्यांनी पान कातरायच्या पत्र्याच्या फर्म्याखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात चार कंपन्यांची चार कार्डं. ‘सोमवारी ही, मंगळवारी ही, गुरुवारी ह्या दोन. वाचता येत न्हाई, रंगावरनं वळखते.’ चारी कार्डं एकत्र मांडून बेरीज केली तर हप्ता त्यांच्या मजुरीच्या वर जात होता. मुलाला दोनच कर्जं माहीत होती. अक्का रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘आता लिहिलंस न्हवं, मग बाकीच्यांचं बी लिही.’

या कामाची पहिली पायरी मी त्यांच्या या वाक्याला मानते.

जानेवारीत आम्ही घरोघरी तक्ता भरायला लागलो. साध्या वहीवर रकाने आखले: कंपनी, रक्कम, घेतल्याची तारीख, हप्ता, किती उरले, हप्त्याचा वार, घरात कोणाला माहीत आहे. हा शेवटचा रकाना सगळ्यात अवघड, आणि तो लिहून घेताना दार लोटून घ्यावं लागायचं. पहिले दोन आठवडे बहुतेक बायकांनी एकच कर्ज सांगितलं. मग आईनं आपलं स्वतःचं कार्ड पुढं ठेवायला सुरुवात केली, की माझंही हे एवढं आहे बघ. त्यानंतर पिशव्या निघायला लागल्या. कर्जाचं मोजमाप करायला जाणाऱ्या बाईनं आधी आपलं सांगावं, ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते.

तक्ता फक्त आमच्या गटाचा राहिला असता तर काही उपयोग नव्हता. कंपन्यांची केंद्रं गल्लीच्या पलीकडे पसरलेली असतात, एकीच्या हमीवर दुसरी उभी असते, आणि ती दुसरी वेगळ्या गटात असते. म्हणून शेजारच्या गटांकडे गेलो. तेलुगू बोलणाऱ्या गटांत आई आणि अक्का गेल्या, उर्दू बोलणाऱ्या गल्लीत शिलाईचं काम करणाऱ्या एक आपा पुढे झाल्या. मी मराठीत बोलायचे तेव्हा सगळ्या मान डोलवायच्या. अक्का तेलुगूत बोलायच्या तेव्हा प्रश्न यायचे. प्रश्न येतात तिथंच काम होतं, म्हणून पुढे मी बोलणं कमी केलं आणि लिहिणं ठेवलं.

बैठकीची वेळ ठरवायला वार उपयोगाचा नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी कुठलीच बाई घर सोडत नाही. म्हणून ‘पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीन’ असं ठरलं. विडी कारखान्यात माल देऊन बायका तोवर परतलेल्या असतात. बैठकीला सूप घेऊन यायची मुभा. ज्यांनी मला ‘बायका मीटिंगला येत नाहीत’ म्हणून विचारलं, त्यांना मी आधी वेळ कशी ठरवता ते विचारते.

1 एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नवे निर्देश लागू झाले. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बिनतारण दिलेलं कर्ज यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत. वसुली ठरलेल्या जागी करायची; तिथं बाई लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड बाईला समजेल त्या भाषेत द्यायचं. हे मी मराठीत एका पानावर उतरवलं, एका नववीतल्या मुलीनं तेलुगूत लिहिलं आणि झेरॉक्स काढून वाटलं.

इथं मला स्पष्ट सांगायचंय की कर्ज बुडवा असं आम्ही कुणालाही सांगितलं नाही. घेतलेले पैसे फेडायचेच. ज्यांच्या हप्त्यांची बेरीज मजुरीच्या वर गेली होती, त्यांच्यासाठी गटाच्या अंतर्गत कर्जातून आधी सगळ्यात लहान थकबाकी मिटवली, म्हणजे आठवड्यातला एक वार मोकळा झाला. मग पुढची. अवेळी वसुलीबद्दल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिले. पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही, आणि 14448 या नंबरवर माहिती मिळते.

पण अर्ज लिहिताना खाली सही कुणाची? एका बाईची केली तर ती एकटी पडते. गटाची केली तर पुढच्या गल्लीतल्या बाईचा प्रश्न त्यात येत नाही. वस्ती स्तर संघाची गरज आम्हाला इथं पटली. महापालिकेतल्या समुदाय संघटक ताई त्याआधीही संघाबद्दल सांगायच्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 10 ते 20 बायकांचा गट, 10 ते 20 गटांचा वस्ती स्तर संघ आणि त्यावर शहर स्तर संघ अशी रचना होती. गटाला 10,000 आणि नोंदणी झालेल्या वस्ती संघाला 50,000 रुपये फिरता निधी, म्हणजे आपसात कर्ज देऊन फिरवत ठेवायचे पैसे. तेव्हा आम्ही ऐकून सोडून दिलं होतं, कारण पैशासाठी संघ करायचा हे कुणाच्या मनात उतरत नव्हतं.

बायकांना खरा धीर आला तो अक्कांच्या बहिणीमुळे. ती तेलंगणात सिरसिल्लाजवळच्या खेड्यात असते. मे महिन्यात लग्नाला आली होती. तिच्या गावात सगळ्या गटांची ग्राम समाख्या, म्हणजे गावचा संघ, आणि वर मंडल समाख्या आहे. ती आईच्या ओट्यावर बसून दोन तास बोलली, त्यांच्याकडे हिशोब कोण लिहितं, पैसे थकले तर कोण घरी जातं, अध्यक्षीण कशी बदलतात. प्रशिक्षणात आम्हाला केरळच्या कुटुंबश्रीचं, म्हणजे तिथल्या बायकांच्या गटांच्या सरकारी कार्यक्रमाचं, उदाहरण दिलं होतं, 1998 पासून तिथं हेच तीन पायऱ्यांनी चाललंय. ते मोठं काम आहे, पण इथल्या बाईला केरळ लांब. सिरसिल्ला म्हणजे माहेर.

जून 2022 मध्ये बारा गटांनी ठराव केले. प्रत्येक गटानं दोन प्रतिनिधी निवडले. घाई करू नका, हे माझं कळकळीचं सांगणं. अध्यक्ष आणि सचिवच प्रतिनिधी व्हायच्या असा सगळीकडे कल होता. आम्ही आग्रह धरला की एक पदाधिकारी आणि एक साधी सदस्य, शक्यतो दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या. यासाठी दोन गटांत पुन्हा बैठक घ्यावी लागली आणि एक महिना गेला. त्या साध्या सदस्यांपैकीच तिघी आज संघ चालवतात.

मग कागद. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था नोंदवायची आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदवायची, दोन्ही धर्मादाय कार्यालयात. किमान सात सदस्य लागतात. संस्था नोंदणीची सरकारी फी तेव्हा 50 रुपये होती. एका एजंटानं आम्हाला 15,000 सांगितले होते. ते दिले नाहीत, कारण संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, आपण वाचून लिहिली नाही तर पुढे भांडणात ती वाचायची वेळ येते आणि कुणालाच काही माहीत नसतं. सप्टेंबरमध्ये देवळाच्या मंडपात घटनेचं एकेक कलम मोठ्यानं वाचलं, तेलुगूत सांगितलं, मग पुढचं. ‘पदाधिकारी लागोपाठ दोनच मुदती’ आणि ‘पैसे काढायला तिघींपैकी दोघींच्या सह्या, त्या दोघी एका गटातल्या नकोत’ ही दोन कलमं बायकांनी स्वतः घालून घेतली.

लागलेले कागद: संस्थेचं ज्ञापन आणि नियमावली, कार्यकारिणीची यादी, सगळ्यांची संमतीपत्रं, एकीला दिलेलं अधिकारपत्र, तेव्हाच्या 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, पत्त्यासाठी घरमालकाचं ना हरकत पत्र आणि लाइट बिल, ओळखपत्रं. नावाचे तीन पर्याय द्या, कारण पहिलं नाव हमखास आधीच कुणाचं तरी असतं. आमचं दुसरं मिळालं.

दिवाळीनंतर अर्ज गेला आणि त्रुटी निघाल्या, त्या योग्यच होत्या. आमच्याकडे तेलुगू आडनावं आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसरं अशी लिहिलेली. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, एका ‘ल’चे दोन ‘ल’. अकरा जणींच्या कार्यकारिणीत फक्त चौघींचे कागद जुळत होते. आधार दुरुस्तीच्या रांगा, प्रतिज्ञापत्रं, पुन्हा सह्या. अंगठा लावणाऱ्या दोघींनी या निमित्तानं सही शिकून घेतली आणि नंतर प्रत्येक कागदावर अंगठ्याला साफ नकार दिला. तुम्ही संघ करणार असाल तर कार्यकारिणी निवडल्या दिवशीच सगळ्यांची तिन्ही ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. आमचे दोन-अडीच महिने यात गेले.

या काळात एक गोष्ट सुचली आणि ती टिकली. कार्यालयात जायचं म्हणजे त्या बाईच्या हजार विड्या बुडतात. चार वेळा जाऊन आली की घरातून बोलणी सुरू होतात आणि पाचव्या वेळी ती येत नाही. अक्कांच्या गटातल्या बायकांनी ठरवलं की जी कामाला जाईल तिचा त्या दिवसाचा माल बाकीच्यांनी वाटून वळायचा, प्रत्येकी चार कट्टे. एका कट्ट्यात 25 विड्या, दहा जणींनी चार-चार केले की हजार होतात. संध्याकाळी ती परत येते तेव्हा तिच्या ओट्यावर कट्टे ठेवलेले असतात. लोकांचं जाळं उभं करणारी बाई स्वतःच्या मजुरीला मुकून किती दिवस फिरणार? मोठ्या कामाच्या गप्पा करणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी शोधावं. नंतर आम्ही फिरणाऱ्या दोघींना संघाच्या वर्गणीतून महिना 500 रुपये सुरू केले. पैसे थोडे आहेत, पण ठराव करून, पावती घेऊन देतो.

संस्थेचं प्रमाणपत्र फेब्रुवारी 2023 मध्ये मिळालं. न्यास नोंदणीसाठी हरकतींची 30 दिवसांची नोटीस लागते, ती लागली, कुणाची हरकत आली नाही, आणि मे महिन्यात दुसरं प्रमाणपत्र हातात आलं. एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आसपास: टायपिंग, स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स, रिक्षा. प्रत्येक गटाकडून 500 घेतले होते, वरचे माझ्या आणि आपांच्या खिशातून गेले आणि नंतर संघानं ठराव करून परत केले.

मला वाटलं होतं आता बँक खातं चार दिवसांचं काम. पॅन कार्ड यायला तीन आठवडे, आणि खात्याला बँकेनं ऑगस्ट उजाडवला. त्याच सुमारास दोन नव्या गटांना त्याच बँकेनं बचत खात्यासाठी सगळ्या सदस्यांचं पॅन कार्ड आणायला सांगितलं. विडी वळणाऱ्या बाईकडे पॅन कुठून असणार? रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट आहे की बचत गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सदस्यांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. सगळ्यांची तपासणी कर्ज देताना होऊ शकते. तो भाग छापून, खूण करून शाखाधिकाऱ्यांना दिला, सोबत संघाच्या शिक्क्याचं पत्र. पुढच्या आठवड्यात दोन्ही खाती उघडली. आधी त्याच मागणीसाठी त्या गटांच्या बायका नुसत्या तोंडी विनवून परत आल्या होत्या. नोंदणीचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

फिरता निधी मार्च 2024 मध्ये जमा झाला. त्याआधी जानेवारीत वेगळंच घडलं. 19 जानेवारीला सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीतल्या 15,000 घरांचं वाटप झालं आणि आमच्या कोषाध्यक्षीणबाईंना घर मिळालं. कुंभारीला त्याआधी 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना 10,000 घरं मिळालेली आहेत, त्यामुळे एकत्र राहून काय मिळतं हे इथल्या बायकांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. सगळ्या आनंदानं तिचं घर बघून आलो. पण कुंभारी ग्रामपंचायतीत. तिथं महापालिकेची नागरी योजना नव्हती, ग्रामीण बचत गटांचं ‘उमेद’ अभियान होतं, वस्ती संघाऐवजी ग्रामसंघ. बाई तीच, विड्या त्याच, कंपन्यांची कार्डंही तीच, योजना मात्र हद्दीवर बदलते. तिला पद सोडावं लागलं. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. तो दिला नाही तर कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँक सह्या मानत नाही.

तिनं मात्र जाताना तक्त्याच्या कोऱ्या प्रती नेल्या. सहा महिन्यांत नव्या शेजारणींचे तक्ते भरून झाले. आता तिच्याकडच्या आणि आमच्याकडच्या बायका एकमेकींच्या नोंदी ताडून बघतात, कारण हमीदार शहरात आणि कर्जदार कुंभारीत असं पुष्कळदा असतं. याला कुठल्याही योजनेत नाव नाही. माझ्या मते मोठा बदल व्हायचा असेल तर तो याच वाटेनं होईल, योजनेच्या नकाशाबाहेर पडणाऱ्या या देवाणघेवाणीतून. आम्ही त्यासाठी दर तिमाहीला एक संयुक्त बैठक ठेवली आहे आणि रिक्षाभाडं संघ देतो.

नागरी अभियानाची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. शहर स्तर संघाचं आमचं बोलणं त्यामुळे अर्धवट राहिलं. काही वस्त्यांतल्या संघांच्या बैठका थंडावल्या, हे बघून वाईट वाटतं. आमच्या चालू आहेत, कारण त्या निधीसाठी सुरू झाल्याच नव्हत्या. बचत गटांच्या पंचसूत्रीतला, म्हणजे पाच नियमांतला, पाचवा नियम, अचूक हिशोब, तेवढा आम्ही अधिक कडक केला: दर बैठकीत शिल्लक मराठी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही भाषांत मोठ्यानं वाचायची. मार्चअखेर हिशोब बंद, सहा महिन्यांत ऑडिट अहवाल दाखल. चार्टर्ड अकाउंटंट 2,500 रुपये घेतात. पावत्या महिन्यावार लावून दिल्या तर ते लवकर करतात.

अक्कांची आता दोन कार्डं उरली आहेत. एक मार्चमध्ये संपेल. पुढच्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कलकोट रोडकडच्या चार गटांकडे जाणार आहोत, त्यांनीच बोलावलंय. ज्यांना तक्त्याचा नमुना हवा त्यांनी कळवावं, मराठी आणि तेलुगू दोन्हीत पाठवते. उर्दूतला आपांची मुलगी लिहून काढते आहे.